नऊ मिनिटं कुणाची?

खो-खोच्या सामन्याची बातमी मराठी दैनिकात क्रीडापानाच्या तळाशी, दोन-तीन इंचांत कोंबलेली असते. सोलापूरकडे तर ती वर्षभर कुठून ना कुठून येतच राहते. विजेत्या संघाकडून अमुक (१.४०, २.१० मि. संरक्षण व ३ गडी), तमुक (१.२०, १.५० मि. संरक्षण), पराभूत संघाकडून फलाणा (२.०० मि. संरक्षण व २ गडी) यांनी एकाकी लढत दिली. बस्स. नवखा वाचक १.४० म्हणजे दशांश समजतो आणि पुढे जातो. ते एक मिनिट चाळीस सेकंद असतं. म्हणजे तेवढा वेळ तो खेळाडू पाठलाग करणाऱ्या नऊ जणांच्या हाती लागला नाही.

मला या कंसांचं फार अप्रूप वाटतं. जगातल्या बहुतेक सांघिक खेळांत हल्ल्याचा हिशेब चोख असतो आणि बचावाचा उधारीवर. क्रिकेटमध्ये पॉइंटला उभ्या पोराने झेप टाकून चौकार अडवला, तर धावफलकावर त्याचं नाव कुठंच येत नाही. फुटबॉलचा बचावपटू योग्य जागी उभा राहिला म्हणून समोरच्याने पासच दिला नाही, तर ती घटना घडलीच नाही असं धरलं जातं. खो-खोत मात्र ‘न घडलेल्या’ गोष्टीलाच घड्याळ लावलेलं आहे. गडी बाद झाला नाही, तो किती वेळ झाला नाही, हे सेकंदात मोजून पेपरात छापतात. त्यामुळे खेळांच्या जगातला एक जुना, किचकट आणि पैशाशी बांधलेला प्रश्न सोडवायला आपल्या हाताशी एक जादा हत्यार आहे. प्रश्न असा: बचावाची किंमत किती? आणि तो बचाव पाचसहा वर्षं सांभाळायचा असेल, तर आज त्याच्यासाठी काय मोजावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो तो फँटसी लीग खेळणाऱ्यांना. १९६२ साली अमेरिकेतल्या ओकलंडच्या बिल विंकेनबाख नावाच्या उद्योजकाने मित्रांसोबत हा कागदी खेळ रचला आणि पुढच्या वर्षी त्यांनी पहिली निवड केली. खऱ्या सामन्यांतले खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे, मैदानात ते जे करतील त्याचे गुण आपल्या वहीत मांडायचे. आपल्याकडे मुंबईच्या हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ड्रीम इलेव्हनमुळे तो घराघरांत, आणि मग कबड्डीतही शिरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांबाबतचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या स्पर्धा बंद झाल्या. बरं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेबाची गंमत मात्र पैशाबरोबर संपत नाही, उलट निखळ होते. वही-पेन घेऊन चार मित्र आजही बसू शकतात.

या खेळाचा एक प्रकार ‘डायनेस्टी’. नेहमीच्या लीगमध्ये हंगाम संपला की सगळे खेळाडू पुन्हा बाजारात. डायनेस्टीत मात्र एकदा घेतलेला गडी तुमचा, वर्षानुवर्षं तुमचा. त्याचं वय वाढणं, गुडघा दुखणं, संघ बदलणं, सगळं तुमच्या अंगावर. अमेरिकन फुटबॉलच्या अशा लीगमध्ये एक चमत्कारिक रिवाज आहे. खेळाडू एकेक घेतात, पण बचाव मात्र अख्ख्या संघाचा एकगठ्ठा घेतात. अमक्या शहराचा बचाव, एक नग. आणि जुने जाणते खेळाडू या नगाला अगदी शेवटी हात लावतात. सोलापूरच्या भाषेत सांगायचं तर, “काय बे, पहिल्याच बोलीत बचाव घेतो का कुठं? येडा का खुळा!”

असं का? शिकागो बेअर्स या संघाची दोन वर्षं बघा. २०१८ मध्ये त्यांच्या बचावाने प्रतिस्पर्ध्यांकडून तब्बल ३६ वेळा चेंडू हिसकावला. त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यांत जास्त. त्या हिवाळ्यात ज्याच्या वहीत तो बचाव होता तो मिशीला पीळ देत फिरला असेल. पुढच्या वर्षी, त्यांचा गाजलेला बचावपटू खलील मॅक संघातच असताना, आकडा १९ वर आला. बचावाची आखणी करणारे विक फॅन्जिओ मधल्या काळात डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले होते, हे एक कारण. दुसरं कारण नशीब. हातून निसटलेला तो लांबट चेंडू जमिनीवर कसा उसळेल याचा नेम नसतो. तो कुणाच्या हाती पडेल हे जवळजवळ छापा-काट्यावर असतं. चेंडू पाडणं हे कसब, उचलणं हा बराचसा योगायोग, आणि लीगमध्ये गुण मिळतात ते उचलण्याचे. म्हणून तिथले शहाणे बचाव सांभाळत बसत नाहीत. या आठवड्यात समोरचा हल्ला कुणाचा लंगडा आहे ते बघतात आणि त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्याचा बचाव तेवढ्यापुरता उचलतात.

आता हा सगळा हिशेब आपल्या मॅटवर आणून ठेवू. प्रो कबड्डी ही तर एका अर्थी खरीखुरी डायनेस्टी लीग आहे. संघमालक काही मोठे खेळाडू कायम ठेवतात, काही तरुण पोरं वेगळ्या यादीत राखून ठेवतात, सोडून दिलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली जुळवून त्याला परतही आणू शकतात. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांचा. कबड्डीत पहिल्यांदा एक कोटीची बोली लागली ती २०१८ मध्ये, आणि गंमत म्हणजे ती चढाईपटूवर लागली नाही. यू मुंबाने ती इराणच्या फजल अत्राचलीवर लावली. डाव्या कोपऱ्यातला बचावपटू. अर्थात त्याच लिलावात मोनू गोयत हा चढाईपटू दीड कोटींच्या पुढे गेला आणि बाजार पुन्हा आपल्या जुन्या वळणावर आला.

खरा मासला २०२३ च्या लिलावाचा. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तोवर एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख दिले. पवन चढाईचा बादशहा, शादलू डाव्या कोपऱ्यातला इराणी वाघ. हंगाम संपला तेव्हा पवनच्या नावावर चढाईचे दोनशेहून जास्त गुण होते आणि त्याचा संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाला होता. शादलूचा संघ १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेता झाला. पुढच्या हंगामात शादलू २ कोटी ७ लाखांना त्याच हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला, तेही पुण्याच्या बालेवाडीत, पाटण्याला ३२-२३ हरवून. पुण्याचा संघ त्या हंगामात बाद फेरीतही नव्हता.

इथपर्यंत वाचून हिशेब सोपा वाटतो. बचावपटू घ्या, करंडक उचला. पण २०२५ मध्ये हाच शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. गुजरात बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. माणूस तोच, कोपरा तोच, घोट्यावर झेपावणारे हात तेच. मग दोन वर्षं जे होतं आणि तिसऱ्या वर्षी नव्हतं, ते काय?

ते समजायला एक पकड जवळून बघावी लागते. चढाईपटू डावीकडे सरकतो. कोपरारक्षक एक पाऊल मागे घेतो, त्याला आत येऊ देतो. शेजारचा गडी कोपरारक्षकाचा हात धरून आहे, ही साखळी. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो त्या क्षणी कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर पडतो. पण घोटा पकड एकट्याच्या जिवावर फार वेळ टिकत नाही. कसलेला चढाईपटू त्या माणसासकट मध्यरेषेकडे घसरत जातो आणि हात लांबवतो. त्याआधी मध्यरक्षकाने छाती आडवी घालून ब्लॉक करायचा असतो, दुसऱ्या कोपऱ्यातल्याने धावत येऊन कंबर धरायची असते. तीन-चार जणांचा ढीग होतो, पंच शिट्टी वाजवतात, गुणपत्रकात पकडीचा गुण एका नावापुढे लागतो. बहुतेक वेळा ज्याने पहिली झेप घेतली त्याच्या. उरलेल्या तिघांना टाळ्यांतला वाटा.

आणि हे झालं पकड यशस्वी झाली तर. चांगला म्हणवला जाणारा बचावपटूही बऱ्याचदा चुकतो. निम्म्या झेपा साधल्या तरी त्याला मानतात. झेप चुकली तर त्याचा दोष नेमका त्याच्या नावावर जातो, मध्यरक्षक अर्धा सेकंद उशिरा आला याची नोंद कुठंच होत नाही. म्हणजे जमा झाली तर तीही एकाची आणि खर्च पडला तर तोही एकाचा. खातं मात्र चौघांचं.

त्याहून अजब प्रकार म्हणजे रिकामी चढाई. चढाईपटू आला, तीस सेकंद इकडून तिकडे नाचला, कुणी हूल खाल्ली नाही, कुणी उतावीळपणे झेपावलं नाही, तो गुमान परत गेला. फलकावर शून्य. बचावाच्या दृष्टीने ही अतिशय उत्तम खेळी. पण गुण कुणालाच नाही. अशा दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी चढाई ‘करो या मरो’ होते. गुण आणा नाहीतर बाद व्हा. चढाईपटूला मग नाइलाजाने खोलात शिरावं लागतं आणि तिथं त्याची पकड होते. टीव्हीवर ती पकड चारदा दाखवतात. ती ज्या दोन रिकाम्या चढायांनी शिजवली, त्या एकदाही दाखवत नाहीत.

यात आणखी एक उफराटा नियम आहे. मॅटवर तीन किंवा कमी बचावपटू उरलेले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, एकाऐवजी दोन गुण. म्हणजे ज्या संघाचा बचाव आधीच पिटला गेलाय, त्याच्या उरल्यासुरल्या गड्यांना जास्त गुण कमावायची संधी. फँटसीच्या वहीत यामुळे गमतीदार भ्रम तयार होतो. लोण पडायच्या बेतात असलेल्या संघाचा कोपरारक्षक पानभर गुण घेऊन जातो, आणि सातही जण मॅटवर राखून ठेवणाऱ्या शिस्तशीर संघाचा कोपरारक्षक सामना जिंकूनही वहीत कोरडा राहतो. वही सांभाळणाऱ्याने हे ओळखलं नाही तर तो वर्षानुवर्षं बुडत्या संघांचे कोपरे विकत घेत बसेल.

थोडक्यात, कबड्डीचा फलक बचावाबद्दल सांगतो त्यातलं अर्धं चुकीच्या माणसाबद्दल असतं आणि अर्धं तो सांगतच नाही. म्हणून मला पुन्हा खो-खोच्या त्या कंसांकडे यावंसं वाटतं.

१९१४ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले, तेव्हापासून त्यात बरेच फेरफार झाले. गाभा तोच आहे. एका संघाचे आठ जण मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पळवतो. बचावाचे तिघे एका वेळी मैदानात येतात. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. बचाव करणाऱ्याला कुठंही फिरता येतं. नऊ मिनिटांची पाळी. तिघे बाद झाले की पुढचे तिघे. नऊच्या नऊ बाद झाले तर पहिली तुकडी पुन्हा आत. जिंकणं कधी गुणांवर होतं, तर कधी ‘एक गुण व दोन मिनिटे राखून’. वेळ राखून जिंकणं! दुसऱ्या डावात लागणारे गडी बाद करून झाले आणि घड्याळात वेळ उरला, तर तो उरलेला वेळसुद्धा निकालात छापतात.

आता एक तुकडी घेऊ. मैदानात तिघे आले. पहिला चाळीस सेकंदांनी बाद. दुसरा एक मिनिट दहाला. तिसरा एकटा उरला आणि दोन मिनिटं वीस सेकंदांना खांबाजवळ गाठला गेला. पेपरात छापून येईल: ०.४०, १.१० आणि २.२०. बेरीज केली तर चार मिनिटं दहा सेकंद होतात. पण घड्याळातले खर्च झालेले फक्त दोन मिनिटं वीस सेकंद! कारण पहिले चाळीस सेकंद तिघांच्याही खात्यावर पूर्ण जमा झाले. पाळी नऊ मिनिटांची, आणि कंसांतल्या आकड्यांची बेरीज करत गेलात तर ती नवाच्या कितीतरी पुढे जाते. मग ती नऊ मिनिटं नेमकी कुणाची?

न्यायाने वाटून बघू. पहिले चाळीस सेकंद तिघांनी मिळून काढले. प्रत्येकाचे साधारण तेरा. पुढचे तीस सेकंद दोघांचे, प्रत्येकी पंधरा. शेवटचे सत्तर एकट्याचे. म्हणजे पहिल्याचे १३, दुसऱ्याचे २८, तिसऱ्याचे ९८ सेकंद. बेरीज एकशे चाळीसच्या आसपास, म्हणजे बरोबर दोन मिनिटं वीस सेकंद. घड्याळ जुळलं. आणि चित्र केवढं पालटलं बघा! पेपरात तिसरा पहिल्याच्या साडेतीनपट दिसत होता. वाटणीनंतर तो सातपट झाला. एकटा उरल्यावर पळणं हे तिघांत पळण्यापेक्षा किती वेगळ्या जातीचं काम आहे, ते या साध्या भागाकारातून बाहेर येतं. मैदानात तिघे असताना पाठलाग करणाऱ्याची नजर तीन ठिकाणी फुटते. एकटा उरला की नऊच्या नऊ जणांचं लक्ष एकाच माणसावर.

पण लगेच टाळ्या वाजवू नका, कारण मैदानाशेजारी बसणारे जुने लोक दुसरीच गोष्ट दाखवतात. कधीकधी तुकडीतला सर्वांत चपळ गडी पाठलाग मुद्दाम आपल्या अंगावर घेतो. हूल देतो, पाटीवरच्या दोघांमधून सळकन निघतो, पुन्हा समोर येतो, आणि बाकीचे दोघे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला श्वास घेत रिंगण धरून उभे राहतात. चाळीस सेकंदांनी तो सापडतो. कंसात ०.४०. त्याच्या त्या चाळीस सेकंदांत दोघांची दमछाक वाचली, म्हणून शेवटचा दोन मिनिटं वीसपर्यंत गेला. माझी तेरा सेकंदांची न्याय्य वाटणी इथं साफ अन्याय्य ठरते. घड्याळ हातात असूनही एकट्याचा हिशेब पूर्ण लागत नाही. तुकडीचा मात्र लागतो, पैपैचा लागतो.

म्हणून तुकडीच मोजावी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पाळी सात मिनिटांची, एक गडी टिपला की दोन गुण. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४-३६ हरवलं. चार पाळ्यांचा हिशेब असा गेला: भारत २६, नेपाळ १८, भारत २८, नेपाळ १८. गुणांना दोनाने भागा, सात मिनिटांना गड्यांनी भागा. नेपाळचा गडी सरासरी तीस-बत्तीस सेकंदांत सापडत होता, भारताचा सत्तेचाळीस सेकंदांत. दोन्ही पाळ्यांत तोच आकडा. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी गाजवला तो भारताचा हल्ला, आणि गाजवण्यासारखा होताच. सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरच्या रामजी कश्यपने नेपाळच्या गड्यावर मारलेला हवेतला सूर ज्याने पाहिला तो विसरणार नाही. पण गड्यामागे ते पंधरा-सतरा सेकंद जास्त टिकणं, पाळीत नऊच्या वर एकही गडी न देणं, हे काम पुण्याच्या प्रतीक वाईकरच्या त्या संघाने दोनदा हुबेहूब केलं, याचा मथळा कुणी केला नाही.

महिलांचा अंतिम सामना तर बचावाच्या हिशेबाचा धडाच आहे. प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असं लोळवलं. या स्पर्धेत एक गोड नियम होता. तुकडी तीन मिनिटं टिकली की बचावाच्या बाजूला एक गुण, पुढच्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाला आणखी एक. याला ‘ड्रीम रन’ म्हणत. शेवटच्या पाळीत भारत ७३ वर होता आणि चैत्रा बी.च्या तुकडीने पाच मिनिटं चौदा सेकंद काढले. तीनला एक, साडेतीनला दोन, चारला तीन, साडेचारला चार, पाचला पाच. ७३ चे ७८ झाले. बचाव करता करता गुण, तेही एका नावाला नाही, तुकडीला. आणि नेपाळला त्या पाळीत मिळाले फक्त १६ गुण, म्हणजे आठ गडी; गड्यामागे साडेबावन्न सेकंद. ज्याने कुणी हा नियम सुचवला त्याला बचावाचं मर्म कळलेलं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

तर मग दीर्घ पल्ल्याच्या वहीत काय जपायचं? एकट्या कोपऱ्याला अडीच कोटी मोजण्याआधी त्याच्या शेजारी कोण आहे ते बघावं. पुणेरी पलटणचा २०२४ चा विजय शादलूच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच्या उजव्या-डाव्या हाताला गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत अशी पोरं होती, एकमेकांच्या सवयी ओळखणारी. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या नगर जिल्ह्याचा. त्यातले बरेचसे लहान वयात संघाच्या छायेत आलेले. शादलू गेला, पुढच्या हंगामात अस्लम जखमी झाला, संघ कोसळला. पण २०२५ मध्ये, शादलूशिवाय, तोच पुण्याचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. दिल्लीने तो ३१-२८ जिंकला. पुण्याचा संघ हरला खरा, तरी महागडा हुकमी पत्ता हातात नसताना तिथवर आला, याला मी वहीत फार मोठं वजन देईन.

आणि दिल्लीच्या त्या विजेत्या संघात कोण होतं? फजल अत्राचली. तेहतीस वर्षांचा. तोच कोपरा, २०१८ चा पहिला कोट्यधीश. बचावपटूच्या वयाबद्दल यातून बरंच शिकता येतं. परदीप नरवाल त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, प्रो कबड्डीत चढाईचे सर्वांत जास्त गुण त्याच्या नावावर. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले, २०२४ मध्ये तो ७० लाखांवर आला, २०२५ च्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. चढाईला गुडघे लागतात आणि झटका लागतो; तो अर्धा सेकंद हरवला की सगळं हरवलं. कोपरा राखायला डोळा लागतो. समोरचा कुठला पाय आधी टाकेल हे पंधरा वर्षं पाहिलेल्या माणसाला जास्त कळतं. म्हणून दोन सारख्याच वकुबाचे खेळाडू समोर असतील आणि आपल्याला सात-आठ वर्षांचा व्यवहार करायचा असेल, तर मी चोविशीच्या चढाईपटूवरची बोली सोडून चोविशीचा कोपरारक्षक घेईन, आणि त्याच्यासोबत खेळणारा मध्यरक्षक त्याच दिवशी उचलेन. लोक हसतील. मध्यरक्षकाच्या नावापुढे गुणच नसतात, त्यामुळे तो स्वस्तात मिळतो.

खो-खोची अशी लीग सोलापूरच्या पोरांनी कधी मांडलीच, तर माझी एक सूचना आहे. माणसं विकायला काढू नका, तुकड्या काढा. तीन नावं, एक बोली. तुकडीतला एक बदलला तर भाव पुन्हा ठरेल. गुण मोजताना कंसातले सुटे आकडे घ्यायचे नाहीत. तुकडी आत गेल्यापासून शेवटचा गडी बाद होईपर्यंतचा वेळ घ्यायचा आणि समोरचा संघ इतर तुकड्यांना सरासरी किती वेळ टिकू देतो, त्याच्याशी तो ताडून बघायचा. दुबळ्या संघासमोर काढलेली तीन मिनिटं आणि तगड्या संघासमोर काढलेली दोन मिनिटं यांत दुसरी महाग धरायची.

आणि राखीव यादीत गाव ठेवायची मुभा असावी. माऊलींची पालखी पंढरीच्या वाटेवर ज्या वेळापुरात मुक्काम करते, त्या माळशिरस तालुक्यातल्या गावाच्या नावावर मी डोळे झाकून बोली लावीन. सरावाला रोज तीच दहा-बारा पोरं, तीच पाटी, तेच खांब. एकमेकांचा श्वास ओळखत मोठी होणारी. त्यांतली कुठली तीन पुढे एका तुकडीत येतील हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्यामुळेच भाव अजून परवडण्यासारखा आहे.